परंपरा, रूढी, रीत, मान: नाशिककरांच्या तोंडचे शब्द आणि त्यांची मुळं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सिंहस्थ, म्हणजे इथला कुंभमेळा, जवळ आला की नाशिकमध्ये 'परंपरा' हा शब्द फार स्वस्त होतो. आखाड्यांची परंपरा, घाटावरच्या पुरोहितांची परंपरा, आणि रस्ता रुंद करायचा म्हटलं की एखाद्या टपरीचीही परंपरा निघते. पण मराठीत या एका कामासाठी डझनभर शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. कोणी दिलं, कोणी घेतलं, आणि चालवायचा हक्क कोणाचा, हे प्रत्येक शब्द वेगळ्या तऱ्हेने सांगतो. नेहमी विचारले जाणारे प्रश्न खाली घेतले आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे, बाकी ठिकाणी उरकलं आहे.

'परंपरा' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

एकापाठोपाठ एक. संस्कृतात 'पर' म्हणजे पुढचा, नंतरचा. पुढच्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा, अशी ओळ म्हणजे परंपरा. त्यात पवित्र असं काही नव्हतं. कानोकान पसरलेली गोष्ट ती कर्णपरंपरा, मग ती अफवा का असेना. बापाकडून मुलाकडे येतं ते वंशपरंपरेने, मग ते शेत असो की सावकाराचं कर्ज.

गीतेच्या चौथ्या अध्यायात हा शब्द येतो तो श्लोक मुळातून पाहण्यासारखा आहे. 'एवं परम्पराप्राप्तम्' ही पहिली ओळ सगळ्यांना पाठ असते. दुसऱ्या ओळीत श्रीकृष्ण सांगतात की मोठ्या काळाच्या ओघात हा योग नष्ट झाला. म्हणजे परंपरा सांगणाऱ्या श्लोकातच ती तुटल्याचीही नोंद आहे. भाषणात ही दुसरी ओळ सहसा गाळतात.

नाशिककरांना जवळचं उदाहरण त्र्यंबकेश्वरचं. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव अशी गुरुपरंपरा ज्ञानेश्वरीच्या शेवटी दिली आहे. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत लहानगा निवृत्ती वाट चुकला आणि गुहेत त्याला गहिनीनाथ भेटले, अशी कथा आहे. कथा कशीही घ्या, पण या ओळीत प्रत्येक ठिकाणी एक नाव आहे. कोणी दिलं, कोणाला दिलं, ते सांगता येतं. आमच्या मते 'परंपरा' शब्द वापरण्याआधी एवढी एक कसोटी लावावी. देणारा आणि घेणारा सांगता येत नसेल तर मराठीत दुसरे शब्द आहेत, आणि ते कमी प्रतीचे नाहीत.

पारंपरिक की पारंपारिक?

पारंपरिक. 'इक' लागला की पहिला स्वर वाढतो, दुसरा नाही. समाज, सामाजिक. परंपरा, पारंपरिक. शहरातल्या साड्यांच्या पाट्यांवर दुसरं रूप इतकं दिसतं की आता बरोबर लिहिलेलंच चुकीचं वाटायला लागलंय. हातासरशी आणखी दोन: 'रूढी'तला 'रू' दीर्घ, पण समासात 'रूढिप्रिय' असा 'ढि' ह्रस्व. आणि 'पद्धत' लिहिताना द ला ध जोडायचा, ध ला द नाही.

रूढी, प्रथा, चाल, रीत, पद्धत हे सगळं एकच ना?

नाही. इथे थोडं थांबावं लागेल.

रूढी 'रुह्' या धातूपासून आली. त्याचा अर्थ उगवणं, वाढणं, वर चढणं. घोड्यावर आरूढ होणारा स्वार आणि गावात रूढ झालेली गोष्ट एकाच धातूच्या. कोणी मुद्दाम लावली नाही, आपोआप रुजली, ती रूढी. व्याकरणकारांनाही हा शब्द लागतो. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेलं, पण चिखलातल्या बेडकाला कोणी पंकज म्हणत नाही. तो अर्थ कमळापुरताच रूढ झाला. याला कारण विचारायचं नसतं. 'शास्त्राद् रूढिर्बलीयसी' हे वचन याच जोरावर उभं आहे. शास्त्र काहीही सांगो, रुजलेलं बळकट.

एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी नेमकं याच बळावर बोट ठेवलं. लोकहितवादी, फुले, आगरकर यांच्यानंतर मराठीत 'रूढी' म्हटलं की मोडायची गोष्ट असाच सूर लागतो. 'रूढींच्या जोखडातून' हा वाक्प्रचार शाळेच्या निबंधापर्यंत पोचला. परंपरा जपायची आणि रूढी मोडायची, अशी वाटणी आपण करून टाकली. मूळ शब्दांत ती नव्हती. मग एखादी गोष्ट परंपरा की रूढी हे कोण ठरवणार?

याचं उत्तर पंचवटीत मागितलं गेलं होतं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नाशिकमध्ये दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं नेटाने चालवला. दाराच्या आतले ज्याला परंपरा म्हणत होते त्याला बाहेरचे रूढी म्हणत होते. दार एकच होतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली तीही याच जिल्ह्यात, येवल्याला.

प्रथा 'प्रथ्' म्हणजे पसरणं यापासून. पृथ्वी ही पसरलेली, म्हणून तिचं ते नाव. 'प्रथितयश' लेखकातही तोच धातू, कारण त्याचं यश पसरलेलं. संस्कृतात प्रथा म्हणजे पसरणं किंवा प्रसिद्धी. आज मराठीत तिच्यामागे बहुधा नको ती गोष्ट चिकटते: हुंड्याची प्रथा, देवदासी प्रथा, बालविवाहाची प्रथा. पूर्वी अशा ठिकाणी 'चाल' म्हणत. सतीची चाल, केशवपनाची चाल. चाल म्हणजे चालण्याची ढब, गाण्याची चाल आणि समाजात जे चालतं तेही. 'आमच्यात हे चालतं', 'आमच्यात चालत नाही' हे आजही रोज ऐकू येतं, आणि त्यापुढे वाद बंद होतो.

पद्धत हा तर पायाचाच शब्द. संस्कृत 'पद्धति' म्हणजे पद् आणि हति, पायांच्या आघाताने पडलेली वाट. सारखं चालून मळलेली पायवाट ती पद्धत. 'पायंडा' पाडण्यातही पायच आहे.

रीत शब्दाचं मूळ 'री', म्हणजे वाहणं, जाणं. ती मात्र घरातली, बायकांच्या तोंडची. लग्नघरात कोणी 'प्रथा' म्हणत नाही. 'मुलाकडच्यांची रीत काय?' असंच विचारतात. नव्या सुनेला सासू रीत सांगते, आणि सून पुढे तिच्यात आपल्या माहेरचं थोडं मिसळून तिच्या सुनेला देते. दुधावर साय येते तशी रीत घरात येते, कोणी आणली ते सांगता येत नाही.

'वहिवाट' हा शब्द फक्त जमिनीच्या भांडणात का ऐकू येतो?

कारण तिथे तो अजून जिवंत आहे. वाहती वाट, वापरातली वाट. निफाड-दिंडोरीकडे बांधावरून ट्रॅक्टर न्यायचा वाद झाला की पहिलं वाक्य हेच असतं: 'आमची पूर्वापार वहिवाट आहे.' द्राक्षाच्या हंगामात गाडी बागेपर्यंत गेली नाही तर माल जागेवर राहतो, त्यामुळे हा शब्द तिथे फार जोरात उच्चारला जातो. कायद्यालाही तो मान्य आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते.

देवस्थानांची व्यवस्था पाहणारे ते वहिवाटदार. म्हणजे हा शब्द देवालाही लागतो आणि बांधालाही. परंपरेशी तुलना केली तर फरक लगेच कळतो. परंपरेत कोणी तरी दिलेलं असतं, वहिवाटीत दिलेलं नसलं तरी चालतं. वापर पुरे. आपण ज्या अनेक गोष्टींना मोठ्या आवाजात परंपरा म्हणतो त्या खरं तर वहिवाटी असतात. कोणी तरी सुरू केल्या, कोणी अडवलं नाही, वीस वर्षं झाली.

रिवाज, शिरस्ता, दस्तूर, वारसा हे मराठी शब्द आहेत का?

आता आहेत. आले फारसी-अरबीतून, कचेरीच्या वाटेने. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी गावच्या चावडीवरचे शब्द हलले नाहीत. लोकांची जमीन, हक्क आणि देणी त्याच शब्दांत लिहिलेली होती.

रिवाज म्हणजे अरबीत चलन, बाजारात चालणं. नाणं चालतं तशी रीत चालते. 'रीतिरिवाज' या जोडीत अर्धा भाग संस्कृत आणि अर्धा अरबी, दोघांचा अर्थ तोच. मराठीत अशा जोड्या बऱ्याच आहेत.

शिरस्ता मला या सगळ्यांत आवडतो. फारसी 'सर' म्हणजे डोकं, टोक. 'रिश्ता' म्हणजे धागा. धाग्याचं टोक हातात असणं तो सररिश्ता, त्याचा झाला शिरस्ता. कचेरीत कागदांची मांडणी ज्याच्या हाती तो शिरस्तेदार. म्हणून शिरस्ता घरातला नसतो, नेहमी कामकाजातला असतो. 'पोळ्याला पाटलाचा बैल पुढे' हा गावाचा शिरस्ता. 'अधिक महिन्यात जावयाला अनारसे' ही रीत.

दस्तूर म्हणजेही रिवाज. मराठीत त्याची दस्तुरी झाली, म्हणजे ठरलेलं देणं. 'दस्तुरखुद्द' म्हणजे स्वतःच्या हातचं.

वारस, वारसा आणि मिरास हे तिघेही एकाच अरबी धातूचे आहेत, हे सहसा लक्षात येत नाही. मेल्यावर जे मागे राहतं आणि दुसऱ्याला मिळतं ते. मिरासदार म्हणजे गावात वंशपरंपरेने जमीन धरणारा. उपरी म्हणजे वरून आलेला, कसायला जमीन घेतलेला. आजही 'ही काय तुझी मिरासदारी आहे का?' असं भांडणात म्हणतात ते उगाच नाही. हल्ली प्रत्येक जुना वाडा 'वारसा' होतो, हे छानच आहे. पण वारसा म्हटलं की वारस कोण हा प्रश्न येतोच. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या भिंती त्याच प्रश्नापायी पडतात. भाऊबंदकी मिटत नाही, डागडुजी कोणी करत नाही.

याच गटातला वतन. अरबीत त्याचा अर्थ मायभूमी. इथे आल्यावर अर्थ झाला वंशपरंपरेने आलेलं काम आणि त्यापोटी मिळालेली जमीन. पाटील, कुलकर्णी, महार, सगळ्यांची वतनं. कोणाच्या वाट्याला अधिकार आला आणि कोणाच्या वाट्याला राबणूक, पण शब्द एकच. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गाववतनं १९५८ च्या, पाटीलकी १९६२ च्या. आडनावं राहिली.

'मानाचा', 'मानकरी' यातला मान कोणता?

आदर या अर्थाचा, संस्कृत 'मन्' धातूचा. शरीराची मान वेगळी, ती 'मन्या' या शब्दापासून. दोन्हींचा उच्चार एक झाल्यामुळे 'मान खाली घालणे' आणि 'मान जाणे' यांची मराठीत छान गल्लत होते.

परंपरेच्या सगळ्या शब्दांत आपल्याकडे रोज वापरात आहे तो हाच. चैत्र शुद्ध एकादशीला, कामदा एकादशीला, पंचवटीत काळारामाचा रथोत्सव निघतो. रामरथ आणि गरुडरथ. रथ ओढण्याचा मान तालमींकडे आणि ठरलेल्या मंडळींकडे असतो. ज्यांच्याकडे त्या वर्षीची पूजा असते ते बुवा रथापुढे उलटे चालतात, तोंड रामाकडे आणि पाठ रस्त्याकडे. हे बघायला रस्त्यावर उभं राहिलं की कळतं, मान म्हणजे बसून मिळणारी गोष्ट नाही. ती अंगाने फेडावी लागते. वणीला सप्तशृंग गडाच्या सुळक्यावर ध्वज लावायचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. तो कडा पाहिला की कोणी त्या मानाचा हेवा करणार नाही.

पण मानाचं दुसरं टोकही आहे. १९३० च्या सत्याग्रहात रामनवमीच्या दिवसांत संघर्ष पेटला तो रथ ओढण्यावरूनच. मान एकाचा ठरला की दुसऱ्याला नकार आपोआप ठरतो.

आपल्याकडे कुंभमेळ्याला 'सिंहस्थ' का म्हणतात? आणि 'पर्वणी' म्हणजे?

गुरू सिंह राशीत असतो तेव्हा भरतो म्हणून सिंहस्थ. कुंभ राशीशी नातं हरिद्वारचं. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे ११.८६ वर्षं लागतात, म्हणून साधारण बारा वर्षांनी पाळी येते. गेला सिंहस्थ २०१५ चा, आत्ताचा २०२६-२७ चा. वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर स्नान करतात, शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर. 'कुंभमेळा' हे नाव सरकारी फलकांवर आणि बातम्यांत. घाटावरची जुनी मंडळी 'सिंहस्थ'च म्हणतात, आणि नदीला 'गंगा'. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे गोदावरीवर. पाहुण्याने हरिद्वार समजू नये.

पर्वणी शब्दातलं 'पर्वन्' म्हणजे सांधा. उसाची, बांबूची, बोटांची गाठ. काळही सलग नसतो, त्याला सांधे असतात अशी कल्पना: अमावस्या, पौर्णिमा, संक्रांत. त्या सांध्यावरचं स्नान ती पर्वणी. महाभारताची पर्वं तीच, हातापायाची पेरं मोजतो तशी. सिंहस्थात तीन मुख्य पर्वण्या असतात. नाशिकचे लोक 'पहिल्या पर्वणीला', 'तिसऱ्या पर्वणीला' अशीच तारीख सांगतात, आणि बारा वर्षांनीसुद्धा कोणतं लग्न कधी झालं ते त्याच हिशोबात आठवतात. बोलण्यात तिचा अर्थ दुर्मीळ संधी असा झाला: 'खवय्यांना पर्वणी.' बारा वर्षांची वाट पाहणं मात्र त्या अर्थातून गळलं.

'शाही स्नान' मधला शाही फारसी 'शाह'चा. अलीकडे त्याऐवजी 'अमृत स्नान' म्हणायला सुरुवात झाली आहे. नाव बदललं तरी कोण आधी आणि कोण नंतर हा क्रम तोच, आणि वाद नेहमी क्रमावरून होतात. आखाडा हा शब्द संस्कृत 'अक्षवाट' यावरून आला. कुस्तीची जागा. कोल्हापूरकडचा लाल मातीचा आणि तपोवनातला साधूंचा, शब्द एकच.

सण, उत्सव, जत्रा, उरूस यांत फरक काय?

सण घरात, उत्सव देवळात, जत्रा गावात. एवढ्यावर काम भागतं. सण हा 'क्षण' या शब्दापासून. संस्कृतात क्षण म्हणजे पळभर वेळ आणि मोकळा, आनंदाचा वेळही. जत्रा म्हणजे यात्रा, य चा ज झाला. यज्ञोपवीताचं जानवं झालं ते तसंच. पाडवा 'प्रतिपदा'वरून आला. उरूस अरबी 'उर्स'वरून, म्हणजे लग्न. पीर देह ठेवतो तो दिवस त्याच्या मीलनाचा, म्हणून पुण्यतिथीला लग्नाचं नाव. मालेगावजवळ चंदनपुरीला पौषात खंडोबा-बाणाईची यात्रा भरते. तिथे कोणी 'यात्रा' म्हणतं, कोणी 'जत्रा', आणि बेल-भंडारा उधळताना दोघांना फरक पडत नाही.

रहाड, धप्पा, दाजीबा वीर हे शब्द बाहेरच्यांना का कळत नाहीत?

कारण ते नाशिकचे आहेत. रहाड म्हणजे पेशवाईपासूनचा दगडी हौद, जमिनीखाली बांधलेला. वर्षभर तो लाकडं-माती टाकून बुजवलेला असतो, वरून रिक्षा आणि दुचाक्या जातात. रंगपंचमीच्या आधी तो उकरतात, पूजा होते, फुलं उकळून रंग करतात आणि मग त्यात उडी. उडीला धप्पा म्हणतात. 'धप्पा मारला का?' हा त्या दिवशीचा नमस्कार. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन असे वेगवेगळ्या ठिकाणचे रहाड, आणि प्रत्येकाचा रंग ठरलेला. पुण्या-मुंबईच्या माणसाला रंगपंचमीचा अर्थ पिचकारी, म्हणून त्याला हे सांगावं लागतं.

धुळवडीला वीरांची मिरवणूक. घरातल्या पूर्वजाचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली प्रतिमा, वाजतगाजत गंगेवर नेऊन न्हाऊ घालतात. त्यात दाजीबा वीर सगळ्यांत मोठा. बाशिंग बांधलेला, म्हणून बाशिंगे वीर. नवस बोलणाऱ्यांची त्याच्याभोवती गर्दी असते. वीराला 'परंपरा' कोणी म्हणत नाही. 'आमच्याकडे वीर आहे' एवढंच म्हणतात. आहे म्हणजे तो घरात आहे, अजून.

आदिवासी भागात या शब्दांना काय म्हणतात?

कळवण, सुरगाणा, बागलाणात कोकणा आणि भिल्ल समाज मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव करतात. भोपळ्याची पावरी वाजते, अंगणात फेर धरून रात्र जागवतात, आणि व्रत घेतलेली माणसं नेम पाळतात. तिथे 'परंपरा' किंवा 'संस्कृती' हा शब्द कार्यक्रमाचा सूत्रसंचालक वापरतो. घरातली माणसं 'देव करायचा आहे' म्हणतात. शब्दकोश चाळणाऱ्याला हे निराश करतं, पण भाषेच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. करणाऱ्यांच्या तोंडी क्रियापद असतं, पाहणाऱ्यांच्या तोंडी नाम.

'नाशिक' हे नाव शूर्पणखेच्या नाकावरून आलं की नऊ टेकड्यांवरून?

दोन्ही गोष्टी गावात सांगतात. लक्ष्मणाने नाक कापलं ती जागा म्हणून नासिक. किंवा नऊ शिखरं, नवशिखा. 'नाशिक नव टेकांवर वसविले' अशी म्हणही आहे, आणि जुनी गढी, म्हसरूळ टेक ही नावं ती म्हण जिवंत ठेवतात. गुलशनाबाद हे मोगलाईतलं नाव टिकलं नाही. पांडवलेण्यांतल्या एका प्राकृत लेखात 'नासिककानं', म्हणजे नासिककरांचं, असा शब्द कोरलेला आहे. एवढं मात्र हातात धरता येतं: सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी गावाचं नाव हेच होतं आणि इथले लोक स्वतःला गावावरून ओळखवत होते. 'नाशिककर' म्हणून छाती फुगवायची सवय आजकालची नाही.

परंपरेविषयीचा सगळ्यांत जुना शब्द नाशिकमध्ये कुठे सापडतो?

पांडवलेण्यांच्याच डोंगरावर. त्यांनाच त्रिरश्मी लेणी म्हणतात. आणि पहिला शब्द 'लेणं' हाच. क्षहरात घराण्यातला क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याच्या लेखात 'लेण' करवल्याचं आणि पाण्याच्या 'पोढी', म्हणजे टाक्या, खोदवल्याचं लिहिलं आहे. आज सकाळी डोंगरावर फिरायला जाणारा माणूस 'लेण्यांवर जाऊन आलो' म्हणतो. मधल्या काळात राजे, लिपी, धर्म, राज्यकारभाराच्या भाषा बदलल्या. शब्द जवळजवळ जसाच्या तसा राहिला.

दुसरा शब्द 'अखयनिवि', म्हणजे अक्षयनीवी. कायम ठेव. उषवदाताने संघासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. दोन हजार एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्खूच्या वस्त्रासाठी. हिशोब करून पाहा, वर्षाचे २४० बरोबर येतात. परंपरा टिकवायची तर कोणाकडे किती ठेवायचे आणि दर काय, हे दगडावर लिहून ठेवणारे लोक होते ते. 'आपली संस्कृती जपली पाहिजे' असं त्या लेखात कुठेही नाही. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर गोवर्धन गाव आजही आहे.

संप्रदाय, पंथ आणि घराणं यांत काय फरक?

संप्रदाय म्हणजे सम्, प्र आणि दा: नीट, पुढे, देणं. सुपूर्द करणं. पंथ म्हणजे वाट. घराणं म्हणजे घर. संप्रदायात देणं मुख्य, पंथात चालणं, घराण्यात जन्म किंवा निदान घरात राहून शिकणं.

घराण्याची भिंत ज्यांनी पाडली त्यांतले एक नाशिकला येऊन राहिले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राबून मिळणारी विद्या फी भरून, वेळापत्रक लावून शिकवायला सुरुवात केली. आयुष्याच्या उत्तरार्धात ते पंचवटीत राहिले. परंपरा बुडाली असं तेव्हा म्हणणारे होतेच. आज शास्त्रीय गाणं शिकलेली नाशिकची बहुतेक मुलं त्याच धर्तीच्या परीक्षा देऊन शिकली आहेत.

कुळाचार आणि कुळधर्म एकच का?

कुळधर्म म्हणजे कोणत्या देवाचं काय पाळायचं, कुळाचार म्हणजे ते प्रत्यक्ष कसं करायचं. बोलण्यात दोन्ही एकत्रच येतात. तळी भरणं, गोंधळ, बोडण, सवाष्ण जेवू घालणं ही त्यांची रूपं. चार घरं सोडून पाचव्या घरात तेच वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या नैवेद्याने होतं. 'खरी पद्धत कोणती?' या प्रश्नाला त्यामुळे उत्तर नाही.

एखाद्या शब्दाचं मूळ तपासायचं कसं?

आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. तो इंटरनेटवर फुकट शोधता येतो आणि गावाकडचे शब्द त्यात भरपूर आहेत. मग कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्ति कोश. १८४० पासून चालू असलेलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहेच. फॉरवर्ड होऊन आलेल्या व्युत्पत्त्यांत शब्दाचे तुकडे फार सहज जुळले आणि प्रत्येक तुकड्याला थोर अर्थ निघाला, तर समजावं की कोणी तरी बसून जुळवलंय. खऱ्या शब्दांची मुळं बहुतेक साधी निघतात: चालणं, देणं, वाहणं, सांधा, धागा.

आजी-आजोबांकडून घरातले शब्द टिपून घ्यायचे आहेत. काय विचारू?

'आजी, आपली परंपरा काय?' असं विचारू नका. त्या म्हणतील, 'काय गं बाई, आपलं काय असणार?' आणि विषय संपेल. 'वीर न्हायला नेताना टाक कशात गुंडाळायचा?', 'तळीला पानं किती?', 'तुमच्या माहेरी हे कसं होतं?' असं विचारा. माहेरचं विचारलं की अर्धा तास बोलतील. तेव्हा जो शब्द त्या वापरतील तो तसाच, त्यांच्याच उच्चारात लिहा. शुद्ध करायला जाऊ नका. शेजारी गावाचं नाव लिहा, कारण चांदवडची रीत आणि पेठची रीत एक नसते. फोनवर आवाज रेकॉर्ड केलात तर आधी त्यांना सांगा. आणि जे त्यांनी 'हे बाहेर सांगायचं नसतं' म्हणून सांगितलं, ते वहीत वेगळ्या पानावर ठेवा.